सहाव्या फेडरवरचं बोट

मंगळवारी सकाळी बाई केबल आणायला बाहेर पडल्या. हातभर लांबीची साधी केबल, जुना खोका नव्या कॉम्प्युटरला जोडायची. पुढं जे झालं त्याची सुरुवात सांगायची तर एवढीच. लोकांना वाटतं, असल्या गोष्टी कुत्रं रडण्यानं नाहीतर वीज जाण्यानं सुरू होत असतील. तसलं काही नव्हतं. चांगलं स्वच्छ ऊन होतं, रस्त्यावर वर्दळ होती, आणि बाईंच्या पिशवीत जुनी तुटकी केबल, चष्म्याचं घर आणि एक लाल पेन्सिल होती.

लाल पेन्सिल त्यांच्याकडे कायमच असायची. एकतीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. पानातून निसटलेला स्वल्पविराम त्यांना दारातूनच दिसतो, असं तिथले लोक म्हणायचे. तिथं त्यांचं नाव पेन्सिलबाई पडलं, आणि नोकरी सुटल्यावर त्यातलं नुसतं बाई उरलं.

नवरा साउंडवाला. गाण्यांचे, नाटकांचे, जाहिरातींचे आवाज जुळवून द्यायचा त्यांचा धंदा, त्यामुळे गल्लीत सगळे त्यांना साउंडवालेच म्हणत. घराच्या मागच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ होता. भिंतींना जाड स्पंज, जमिनीवर सतरंजी, एकावर एक दोन दारं, आतला आवाज बाहेर नाही की बाहेरचा आत नाही. दारांना डोळ्यांच्या उंचीवर तळहाताएवढी काच होती, आणि बाहेर चौकटीवर एक लाल दिवा. दिवा लागलेला असला की दार उघडायचं नाही. हाक नाही, टकटक नाही, काही नाही. लेक रांगत होती तेव्हापासूनचा नियम. पाच वर्षांची असताना एकदाच तिनं दिवा चालू असताना दार ढकललं होतं. साउंडवाल्यांनी दोन्ही हात उचलले, केलेलं सगळं काम पुसून टाकलं आणि दोन दिवस घरात कोणाशी बोलले नाहीत. दार उघडलं की काम मोडलं, एवढंच म्हणाले. त्यानंतर लेकीनं कधी चूक केली नाही. शाळेत 'माझं घर' काढायला सांगितलं तर तिनं घरावर लाल दिवा काढला होता.

दहा आठवड्यांपूर्वी दुपारी तो दिवा लागलेला होता. साडेतीनला बाईंनी चहा केला, कपावर बशी झाकली, दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवला आणि परत गेल्या. तासाभरानं तो गार झाला म्हणून दुसरा ठेवला. मग तिसरा. साडेसातपर्यंत बाई त्या दिव्याचा मान राखत बसल्या. शेवटी दार उघडलं तर साउंडवाले खुर्चीत ताठ बसलेले, उजव्या हाताचं मधलं बोट समोरच्या आवाज जुळवायच्या खोक्यावर टेकलेलं, आणि गार. डॉक्टर म्हणाले, चारच्या सुमाराला गेले असावेत, तेव्हाच कळलं असतं तर... आणि बाईंच्या तोंडाकडे बघून त्यांनी पुढचं गिळलं.

बाई रडल्या नाहीत. भेटायला आलेल्यांनी आपसात कुजबुज केली, की बाई भारी कठीण काळजाच्या. तसं काही नव्हतं. बराच वेळ अंगाखाली दबलेला हात जसा आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळं झालं होतं. जेवत होत्या, कपडे वाळत घालत होत्या, विचारलं तर उत्तर देत होत्या. त्यांनी आपणहून एकच गोष्ट केली. स्टूल ओढून त्यावर चढल्या, दाराबाहेरचा लाल बल्ब काढला, कागदात गुंडाळला आणि स्टुडिओतल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला.

आता येत्या रविवारी लेक येणार होती. घर सोडायचं ठरलं होतं, आई तिच्याकडे जाणार होती कायमची. स्टुडिओतलं सामान विकायचं, खोका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला परत द्यायचा. बाईंची कशालाच ना नव्हती. फक्त त्याआधी एकदा त्यांना नवऱ्याचा हात चालताना बघायचा होता.

हे वेडेपण नव्हतं, त्या खोक्यात तशी सोयच होती. दुरुस्तीवाल्यानं साउंडवाल्यांसाठी तो घरी बनवला होता. त्यावर आठ फेडर होते, म्हणजे खालीवर सरकणाऱ्या आठ बुटक्या दांड्या, एकेका आवाजाला एकेक. दांडी वर नेली की तो आवाज मोठा, खाली आणली की बारीक. प्रत्येकीच्या पोटात एक छोटी मोटर. काम करताना साउंडवाल्यांनी दांडी जशी हलवली, तशी ती हालचाल सॉफ्टवेअर लक्षात ठेवायचं, आणि तेच काम पुन्हा लावलं की मोटर ती दांडी हुबेहूब तशीच हलवायची. हात गेला तरी हाताचं चालणं शिल्लक होतं.

पण खोका पडला घरगुती. सॉफ्टवेअरला त्याची ओळख करून द्यायला एक स्क्रिप्ट लागते. शे-दीडशे ओळींचा मजकूर असतो. ही दांडी पहिली, ती हलली की हा आवाज बदल, हा बदलला की तिची मोटर फिरव, असलं सगळं त्यात सांगावं लागतं. साउंडवाल्यांमागं त्यांचा जुना कॉम्प्युटर बंद पडला, त्याबरोबर त्यांनी लिहिलेली स्क्रिप्ट गेली. कामं वेगळ्या डिस्कवर होती म्हणून वाचली. दुरुस्तीवाल्याकडे विचारलं तर त्यानं सरळ हात वर केले. म्हणाला, वहिनी, खोक्याचं पोट माझं, डोकं दादांचं.

मग बाईच शिकल्या. माहितीची पानं छापून घेतली आणि लाल पेन्सिल घेऊन मुद्रितासारखी वाचली. सुरुवातीला आठवडाभर नुसत्या चुका. चौदाव्या ओळीत गडबड आहे, असं कॉम्प्युटर म्हणायचा. बघितलं तर एक कंस उघडाच राहिलेला. बाईंना ते परकं वाटलं नाही. जन्मभर दुसऱ्यांचे कंस बंद केले, आता स्वतःचे. पाचव्या आठवड्यात दांड्या हलायला लागल्या, पण अंगात ताप भरल्यासारख्या थरथरायच्या. बोट लावलं तर मोटर बोटाशी झोंबायची.

मंगळवारी केबल घेताना त्यांनी ते दुरुस्तीवाल्याला सांगितलं. त्यानं हातातलं काम खाली ठेवलं.

"वहिनी, बोट आहे का नाही, हे विचारताय का तुम्ही खोक्याला?"

नव्हत्या विचारत. मग त्यानं समजावलं. दांडीच्या टोकाला माणसाची कातडी लागली की खोका कळवतो, बोट आलं. काढली की कळवतो, बोट गेलं. बोट आलं असेल तेव्हा मोटरनं दांडी सोडून द्यायची, बोट म्हणेल ते ऐकायचं. हा दादांचा पहिला नियम, आणि नवशिके नेमका तोच विसरतात.

"मोटर फिरली म्हणून चुकून बोट आलं, असं नाही ना दाखवणार?" बाईंनी विचारलं.

"छे. मोटर फिरू दे नाहीतर वर पुस्तक ठेवा, खोका ढिम्म. त्याला कातडीच लागते."

घरी येऊन बाईंनी ती ओळ लिहिली. बोट असेल तर सोड. आणि आपली खात्री पटावी म्हणून आणखी एक ओळ घातली, की बोट आलं-गेलं की पडद्याच्या कोपऱ्यात दांडीच्या आकड्यासकट त्याची नोंद उमटावी. स्वतःचं बोट तिसऱ्या दांडीवर ठेवलं. पडद्यावर आलं, '३ – बोट'. उचललं. '३ – गेलं'. थरथर पार थांबली होती.

बुधवारी दुपारी त्यांनी साउंडवाल्यांचं शेवटचं काम उघडलं. त्याचं नाव होतं 'घर'. लेकीला द्यायला म्हणून ते वर्षभर घरातले आवाज गोळा करत होते, हे बाईंना माहीत होतं. आठ दांड्यांना आठ आवाज दिलेले होते आणि नावं त्यांनी त्यांच्या पद्धतीनं लिहिली होती. घड्याळ, नळ, जिना, फ्रीज, खिडकी, लेक, ही, मी. बायकोला त्यांनी उभ्या जन्मात नावानं हाक मारली नव्हती, तर इथं कुठून लिहिणार. सातव्या दांडीवर बाई होत्या. ऐकलं तर स्वयंपाकघरात त्या काहीतरी गुणगुणत होत्या. कधी रेकॉर्ड केलं देव जाणे. आठव्यावर नुसता त्यांचा श्वास होता.

बाईंनी काम सुरू केलं आणि दांड्या हलल्या.

तो त्यांचाच हात होता. दांडी आधी हवी त्याच्या केसभर पुढं न्यायची आणि मग हलकेच मागं घ्यायची, ही त्यांची खोड. भाजीत मीठसुद्धा ते असंच घालायचे, थोडं जास्त टाकून चमच्यानं काढायचे. बाई खुर्चीच्या कडेला बसून बघत राहिल्या. आता आपल्याला रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. नाही आलं. तीन मिनिटं चाळीस सेकंदांवर दांड्या थांबल्या. काम सहा मिनिटांचं होतं, पण तिथवर आल्यावर ते गेले होते.

बघून झालं. साडेतीनला बाई उठणार, तेवढ्यात पहिली दांडी पुन्हा हलली. सावकाश, एका दमात खाली आली. घड्याळाचा आवाज विरत विरत गेला. बाईंना वाटलं, म्हणजे पुढचंही थोडं केलेलं होतं तर. पण मुद्रितशोधकाची सवय. त्यांचे डोळे पडद्याच्या कोपऱ्यातल्या नोंदीकडे गेले. तिथं एक ओळ होती. '१ – बोट'. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

स्क्रिप्टमध्ये चूक असणार, असं म्हणून त्या जेवणघरात आल्या, आणि भाजी चिरता चिरता त्यांच्या लक्षात आलं की घड्याळ वाजत नाहीये. काटा पुढं सरकत होता, पण टिकटिक नव्हती. कान लावून बघितलं, काही नाही. गुरुवारी सकाळी काटाही थांबला.

गुरुवारी दुरुस्तीवाला खोका बघायला आला. त्यानं बाईंची स्क्रिप्ट वाचून कौतुक केलं, नोंद बघून मान हलवली आणि दांड्या एकेक तपासल्या. साडेतीन वाजता, दोघं तिथं उभे असताना, दुसरी दांडी खाली आली. तिच्यामागोमाग तिसरी. पडद्यावर '२ – बोट', '३ – बोट'.  टेबलाखाली वाकून दुरुस्तीवाल्यानं खोक्याची वायर बघितली, परत उभा राहिला.

"दादा नेहमी म्हणायचे," तो हळू आवाजात म्हणाला, "एकाला पुढं आणायचं तर त्याला ढकलू नये. बाकीच्यांना खाली घ्यावं..."

मग त्याला कुठलंतरी काम आठवलं. जिन्यावरून तो धावतच उतरला, लाकडी जिना, पण एकाही पायरीचा आवाज आला नाही. त्यानंतर त्यानं बाईंचा फोन उचलला नाही. बिचाऱ्याला तरी काय दोष द्यायचा. संध्याकाळी नळाची धार मुकाट पडत होती, रात्री धारही गेली. आणि स्टुडिओत आठव्या दांडीचा श्वास आता बाईंना टेबलापासून दूर उभं राहूनही ऐकू येत होता.

खरं सांगायचं तर बाई घाबरल्या नाहीत. घाबरायलाही आत काही जागं असावं लागतं. त्यांनी फक्त मुद्रित तपासल्यासारखी संगती लावली. साडेतीनला हे कामाला बसतात. अर्ध्या तासानं उठतात. जिथं काम राहिलं तिथून पुढं चाललंय. ज्याची दांडी खाली येते त्याचा आधी आवाज जातो, मग ते चालायचं थांबतं.

त्यांनी करायचं ते केलं. चौथी दांडी, फ्रीजची, वर करून तिला चिकटपट्टी लावली. शुक्रवारी दुपारी पट्टी निघालेली होती आणि तिची गोळी करून टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलेली होती. साउंडवाल्यांना खोक्यावर चिकटपट्टी आवडायची नाही, दिसली की ते काढून अशीच गोळी करून ठेवायचे. मग बाईंनी खोक्याची कॉम्प्युटरला जोडलेली वायरच काढली. वायर जमिनीवर पडलेली असताना फ्रीजची दांडी खाली आली, आणि खिडकीचीही. खिडकीच्या दांडीवर बाईंनी बोट ठेवून जोर लावला, पण ती त्यांच्या बोटाला ओढत तळाशी घेऊन गेली. नख मोडलं. बाहेर रस्त्यावर गाड्या जात होत्या, मुलं खेळत होती, आणि घरात त्याचं हूं की चूं नव्हतं. सकाळपर्यंत फ्रीजमधलं दूध नासलं.

त्या रात्री मोडक्या नखाकडे बघताना त्यांना कळलं ते एवढंच. वायर जोडलेली असते तेव्हा बाईंची स्क्रिप्ट चालते, आणि स्क्रिप्टमध्ये तो नियम आहे. बोट असेल तर सोड. वायर काढली की नियमही गेला. त्यांनी वायर परत लावली. आता उरल्या होत्या तीन दांड्या. लेक, ही आणि मी.

शनिवारी साडेतीनला लेकीचाच फोन आला. उद्या कितीला पोचते, सामान किती आहे, आई तू नीट जेवतेस ना, असं बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. लांब गेला. बाई उठून मागच्या खोलीकडे धावल्या. अशा धावल्या की वाटेत खुर्ची पडली. सहावी दांडी निम्म्यावर आली होती. त्यांनी बोट लावलं आणि वर नेली. दांडी ऐकत होती. कुरकुरत, पण ऐकत होती.

"आई?" फोनमधून स्पष्ट आवाज आला. "अगं काय झालं माहितीये... मी बोलत होते ना, तर मलाच माझा आवाज येईना. घसा दाबल्यासारखं झालं."

"आता बरं वाटतंय?"

"हो. पण श्वास लागलाय थोडा... उद्या बघू, डॉक्टरकडे जाऊ."

बाईंनी फोन टेबलावर ठेवला, बोट होतं तिथंच ठेवलं. पडद्यावर '६ – बोट' उमटलं होतं. त्याखाली पुन्हा, '६ – बोट'. मध्ये 'गेलं' नव्हतं. एखादी ओळ चुकून दोनदा छापली जाते तशी त्यांना ती आधी वाटली. मग लक्षात आलं की छपाई बरोबर आहे. एका दांडीवर दोन बोटं होती.

"अहो..." बाई म्हणाल्या. दहा आठवड्यांत पहिल्यांदाच त्या त्यांच्याशी बोलल्या. "अहो, ती लेक आहे आपली. तिचं राहू द्या..."

आठव्या दांडीचा श्वास संथ चालू होता. काम करताना साउंडवाले कधी उत्तर देत नसत. हाती घेतलेलं संपवल्याशिवाय त्या माणसानं कधी मान वर केली नव्हती, लेकीच्या जन्माच्या दिवशीसुद्धा. चार वाजले, '६ – गेलं' अशी ओळ आली, आणि बाईंच्या बोटाखालची ओढ थांबली.

रविवार शेवटचा, हे बाईंना कळत होतं. पडद्यावर कामाची सहा मिनिटं भरायला दहाबारा सेकंदंच राहिली होती. पण नुसतं अर्धा तास धरून ठेवलं तर उद्या पुन्हा, परवा पुन्हा. ते थकणार नव्हते. त्यांना थांबवायचा एकच मार्ग त्या घरात सगळ्यांना माहीत होता. काम चालू असताना बाहेरून कोणीतरी दार उघडायचं. दार उघडलं की काम मोडलं. लेक साडेतीनच्या आधी पोचणार होती. बाईंनी तिला फोन करून सांगितलं की मी घरात दिसले नाही तर स्टुडिओत असेन, तू सरळ आत ये. दिव्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. काढायचा कशाला? बल्ब ड्रॉवरमध्ये होता.

रविवारी लेकीला उशीर झाला.

साडेतीनला सहावी दांडी निघाली. बाईंनी उजव्या हाताचं बोट टेकवलं आणि ती वर धरली. पाचएक मिनिटांनी सातवीही निघाली, 'ही'. ती त्यांनी डाव्या हातानं धरली. पडद्यावर प्रत्येक ओळ दोनदा उमटत होती. दोन्ही हात अडकलेले, मोबाइल स्वयंपाकघरात राहिलेला, आणि टेबलापासून दार चार पावलांवर. सहावी दांडी हातातून सुटली तर तळाशी जायला तिला तीन पावलांएवढा वेळही लागला नसता. बाईंनी तो हिशेब काल रात्रीच करून ठेवला होता. दांडी ओढत होती, पण रागानं नाही. नेहमीसारखी, थोडी पुढं नेऊन हलकेच मागं घेत होती. बाईंच्या बोटाला आता कसलीच जाणीव उरली नव्हती, तरी ते हललं नाही.

चार वाजायला दहा मिनिटं असताना बाईंनी मान वळवली, तर दाराच्या काचेत लेकीचा चेहरा दिसला.

आणि बाईंना रडू फुटलं. दहा आठवडे अडून बसलेलं सगळं एकदम आलं, डोळ्यांतून, नाकातून, गळ्यातून. चष्मा धुऊन निघाला. आपल्याला लेक हवी आहे, तिच्याकडे जायचं आहे, तिच्या घरात सकाळी उठायचं आहे, हे त्यांना त्या क्षणी इतकं कळलं की दुखलं. "ये," त्या ओरडल्या. "ये गं, ये आत..." खोली त्या आवाजासाठीच बांधलेली होती. त्यातला कणभर बाहेर गेला नाही.

लेकीला आईची पाठ दिसली असणार, दोन्ही हात खोक्यावर, डोकं हलतंय. ती हसली. तिनं आत पाऊल टाकलं नाही. तिचं कपाळ, नाक, गाल लाल दिसत होते. मग ती काचेतून दिसेनाशी झाली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात कप होता. त्यावर बशी झाकलेली. तो तिनं स्टुलावर ठेवला असावा, कारण नंतर तिचा हात रिकामा होता.

बाईंनी सहाव्या दांडीकडे बघितलं. सातव्या दांडीकडे बघितलं. मग सातवीवरचा हात उचलला, चष्म्याच्या घराजवळ पडलेली लाल पेन्सिल घेतली आणि सगळा जीव एकवटून दारावर फेकली. पेन्सिल काचेवर आपटली. लेकीनं वर बघितलं. बाईंनी मोकळ्या हातानं तिला खुणावलं, ये, ये, ये.

लेकीनं हात हलवला. समजल्यासारखी मान डोलावली, बोटानं वर चौकटीकडे दाखवलं आणि ओठांवर तेच बोट ठेवलं. तुझं होऊ दे सावकाश, मी बसते, असं काहीतरी ती बोलली असावी. आणि खाली बसली. काचेत आता फक्त समोरची भिंत दिसत होती, लाल.

सातवी दांडी तळाशी पोचली होती. बाईंचा हुंदका अजून चालू होता, पण त्यांना तो ऐकू येत नव्हता. खोलीत आता एकच आवाज होता, आठवा, कानाशी. उजवं बोट त्यांनी सोडलं नाही. डाव्या हातानं टेबलाचा ड्रॉवर ओढला. कागदाची पुडी ठेवली होती तिथंच होती, घडीसुद्धा त्यांनीच घातलेली. त्यांनी ती मुठीत घेतली.

कागदाच्या आत बल्ब गरम होता.